प्रोमिथियस.वायएमएल: एका कॉन्फिग फाइलचे रसग्रहण

प्रोमिथियस हे सर्व्हरांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याचे फोल्डर उघडले की आत एक छोटी फाइल दिसते: प्रोमिथियस.वायएमएल. ती एका स्क्रीनवर मावते. टिपा वगळल्या तर कामाच्या ओळी डझनभराच्या आसपास. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात, कारण खरे काम आपल्या स्वतःच्या मोठ्या फाइलमध्ये करायचे असते. मला मात्र ही नमुना फाइल पुन्हा पुन्हा वाचण्याजोगी वाटते. दुसऱ्याने बदलावी म्हणून लिहिलेला मजकूर कसा असावा, आणि तो वाचणाऱ्या यंत्राने चुकीच्या बदलाशी कसे वागावे, या दोन्ही गोष्टी तिच्याभोवती फार विचारपूर्वक घडवल्या आहेत.

प्रोमिथियसचे काम २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत मॅट प्राउड आणि ज्युलियस फोल्झ यांनी सुरू केले. २०१५ मध्ये ते जाहीरपणे जगासमोर आले. ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरकडे जायचे, त्याचे आकडे उचलून आणायचे, साठवायचे, आणि नियमांत बसेनासे काही दिसले तर अलर्ट द्यायचा, हा त्याचा दिनक्रम. त्या आकड्यांचे आलेख बहुतेक ठिकाणी ग्राफानाच्या डॅशबोर्डवर दिसतात. डॅशबोर्डवर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, याचा पहिला निर्णय मात्र या छोट्या फाइलमध्ये होतो.

सुरुवातीचा भाग सर्वांना लागू होणाऱ्या मूल्यांचा आहे. आकडे दर १५ सेकंदांनी उचलावेत, असे पहिली ओळ सांगते. शेजारच्या टिपेत लिहिले आहे की हे मूल्य दिले नसते तर ते १ मिनिट धरले गेले असते. नियम किती वेळाने तपासायचे, त्या ओळीलाही तशीच टीप. तिसरी टीप मला सर्वांत आवडते, कारण तिच्यासमोर ओळच नाही. उत्तराची वाट किती वेळ पाहायची हे फाइलमध्ये लिहिलेलेच नाही, आणि लिहिलेले नसल्यामुळे ते १० सेकंद आहे, एवढे ती टीप सांगते. पुढे आकड्यांचा पत्ता आणि प्रोटोकॉल यांच्याबद्दलही हेच केले आहे. कॉन्फिग फाइल बदलताना माणूस घाबरतो तो लिहिलेल्या ओळींना नाही. त्याला भीती असते ती ही ओळ काढली तर काय होईल याची. त्या प्रश्नाचे उत्तर इथे आधीच दिलेले आहे. टिपा कशासाठी असतात, हे शिकवायला मी नवशिक्या सहकाऱ्यांसमोर हीच फाइल ठेवतो.

१५ आणि १० या दोन आकड्यांमधले नातेही पाहण्यासारखे आहे. वाट पाहण्याचा वेळ दोन फेऱ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त असून चालत नाही. नाहीतर पहिल्या फेरीचे उत्तर यायच्या आत दुसरी फेरी सुरू होईल. आता समजा, कोणी १५ सेकंदांचे ५ केले आणि वाट पाहण्याच्या वेळेबद्दल काहीच लिहिले नाही. प्रोमिथियस तो न लिहिलेला वेळ आपणहून ५ सेकंदांवर आणतो. पण त्याच माणसाने तिथे स्पष्टपणे १० सेकंद लिहिले असतील, तर फाइल नाकारली जाते आणि विसंगती कुठे आहे ते सांगितले जाते. जे लिहिलेच नाही त्याचा समंजस अर्थ यंत्राने लावावा. जे लिहिले आहे त्यात परस्पर फेरफार करू नये. लिहिणाऱ्याच्या शब्दाचा असा मान राखणारी सॉफ्टवेअरे मी फार पाहिलेली नाहीत.

हाच मान अनोळखी शब्दाच्या बाबतीतही दिसतो. ही फाइल ज्या यामल पद्धतीने लिहितात ती २००१ पासूनची. वाचायला सोपी, पण बदलायला अवघड. ओळ किती स्पेस आत सरकली आहे यावर तिचा अर्थ ठरतो आणि त्या जागी टॅब चालत नाही. जुन्या नियमावलीत 'नो' हा शब्द 'नाही' या अर्थाचे मूल्य मानला जाई, त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचे दोन अक्षरी चिन्ह कोटेशनशिवाय लिहिले की नॉर्वेच्या जागी 'असत्य' येऊन बसायचे. अशा निसरड्या जागेवर अनेक सॉफ्टवेअरे आणखी एक सैलपणा करतात: फाइलमध्ये ओळखीचा नसलेला शब्द आला की तो गुपचूप सोडून देतात. समजा, १५ सेकंद सांगणाऱ्या ओळीतल्या 'इंटरव्हल'च्या शेवटी हातून एक जास्तीचा एस पडला, सॉफ्टवेअरने ती ओळ ओलांडली, आणि १५ सेकंदांऐवजी १ मिनिटाचे मूल्य लागू झाले. आलेख येतच राहतो. फक्त त्याचे ठिपके विरळ होतात, आणि २० सेकंदांपुरता आलेला ताण त्यात दिसेनासा होतो. प्रोमिथियस अशा अनोळखी शब्दापाशी थांबतो आणि ओळ क्रमांकासह तो शब्द दाखवतो. आकडे उचलण्याची एकाच नावाची दोन कामे लिहिली तरी थांबतो. त्या संदेशाच्या शब्दरचनेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हा शब्द 'कॉन्फिग.प्लेन' या प्रकारात सापडला नाही, असे तो सांगतो. ते नाव प्रोमिथियसच्या गो भाषेतल्या आतल्या रचनेतले आहे, फाइल लिहिणाऱ्याने ते कधी पाहिलेलेही नसते. इतकी काळजी घेणाऱ्यांनी इथे माणसाला समजेल असा शब्द वापरायला हवा होता.

आता रीलोड. चालू प्रोमिथियसला नवी फाइल वाचायला सांगण्यासाठी त्याला हॅंगअप सिग्नल पाठवतात, किंवा ती सोय चालू केली असेल तर एका ठरावीक पत्त्यावर विनंती करतात. फाइल नीट असेल तर नवी मूल्ये लागू होतात. नीट नसेल तर लॉगमध्ये चूक लिहिली जाते आणि प्रोमिथियस जुन्याच मूल्यांवर काम चालू ठेवतो. एकही फेरी चुकत नाही, आलेखात खंड पडत नाही. अमेरिकेतल्या दिवसाचे सर्व्हर पुण्यात रात्रपाळीवर सांभाळणाऱ्या मुलामुलींना या एका वागण्याने किती आधार दिला असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. रात्री अडीचला एका स्पेसची चूक झाली म्हणून सगळे डॅशबोर्ड कोरे होत नाहीत.

पण याच गुणातून एक धोका निर्माण होतो, आणि तो ओळखल्याशिवाय या रचनेचे कौतुक पुरे होत नाही. नाकारलेली फाइल डिस्कवर तशीच राहते. मेमरीत जुनी आणि बरोबर, डिस्कवर नवी आणि चुकीची, अशा दोन प्रती आता अस्तित्वात असतात. सगळे सुरळीत चाललेले दिसते. मग काही आठवड्यांनी मशीन दुसऱ्याच कारणाने रीस्टार्ट होते. सुरू होताना प्रोमिथियसच्या मेमरीत जुने काहीच नसते. डिस्कवरची फाइल चुकीची म्हणून तो सुरू व्हायलाच नकार देतो. ज्याने बदल केला तो तोवर कदाचित दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो, आणि ज्याच्यासमोर हे उभे राहते त्याला त्या बदलाचा पत्ताही नसतो.

बनवणाऱ्यांनी या जागेचाही विचार केला आहे. शेवटचा रीलोड यशस्वी झाला की नाही हे प्रोमिथियस स्वतःच्या आकड्यांत सांगतो: झाला असेल तर १, नसेल तर ०. आणि इथे नमुना फाइलच्या शेवटच्या भागाकडे परत जायला हवे. ज्यावर नजर ठेवायची अशा ठिकाणांची यादी तिथे असते, आणि नमुन्यात त्या यादीत एकच पत्ता आहे: लोकलहोस्ट:९०९०, म्हणजे खुद्द प्रोमिथियस. अनेक जण आपले सर्व्हर जोडले की ती ओळ निरुपयोगी समजून पुसून टाकतात. ती गेली की १ आणि ० सांगणारा तो आकडाही साठवला जात नाही, आणि नाकारलेल्या फाइलची बातमी कोणाच्याही डॅशबोर्डवर येत नाही. कृपया ती ओळ काढू नका.

प्रोमिथियसच्या प्रकल्पातच या आकड्यावर बसवलेला तयार अलर्ट आहे, प्रोमिथियस बॅड कॉन्फिग नावाचा. तो सरळ 'आकडा ० आहे का' असे विचारत नाही. गेल्या ५ मिनिटांतला सर्वांत मोठा आकडा ० आहे का, असे विचारतो, आणि हे १० मिनिटे टिकले तरच वाजतो. सरळ विचारले असते तर एखादी फेरी हुकताच त्या क्षणी आकडाच नसता, अलर्टची १० मिनिटांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती आणि खरी चूक लपून राहिली असती. ५ मिनिटांची खिडकी घेतल्याने अशी एखादी हुकलेली फेरी झाकली जाते. कोणीतरी हा अनुभव घेतलेला आहे, हे त्या एका ओळीवरून कळते.

बदल सर्व्हरपर्यंत नेण्याआधीच तपासायचा असेल तर सोबत प्रॉमटूल येतो. 'चेक कॉन्फिग' म्हटले की तो मुख्य फाइल वाचतो, तिने उल्लेखलेल्या नियमांच्या फाइलीही उघडतो आणि प्रत्येक नियमातले सूत्र व्याकरणात बसते का ते पाहतो. प्रॉमटूल हा चांगला मुद्रितशोधक आहे: अक्षर न अक्षर तपासेल, पण मजकूर खरा आहे का हे त्याला विचारू नये. फाइल बरोबर निघाली की तो जे सांगतो त्यातही ही मर्यादा पाळलेली आहे. मांडणी वैध आहे, एवढाच त्याचा दावा असतो. सर्व्हरचे आकडे उचलण्याच्या कामाचे नाव 'नोड' असताना नियमात 'नोड्स' लिहिले, तर मांडणी निर्दोष असते. सूत्राला जुळणारे काहीच सापडत नाही, उत्तर रिकामे येते, आणि रिकाम्या उत्तरावर अलर्ट कधीच वाजत नाही. डॅशबोर्ड हिरवा राहतो.

ग्राफानाच्या बाजूला हीच काळजी दुसऱ्या रूपात दिसते, आणि मला ती थोडी कमी पडलेली वाटते. टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१३ च्या अखेरीस किबाना ३ वरून सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डॅशबोर्ड म्हणजे एक जेसन फाइल. तिच्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. तुम्ही ७ वी आवृत्ती उघडून बदलत असताना कोणी ८ वी साठवली, तर तुमची साठवण ४१२ हा कोड देऊन परत पाठवली जाते. दोघांपैकी कोणाचे काम नकळत पुसले जाऊ नये यासाठीची ही व्यवस्था सुंदर आहे. पण जेसनमध्ये टिपा लिहायची सोयच नाही, त्यामुळे 'न लिहिलेल्याची नोंद' करायला जागा उरत नाही. शिवाय डेटासोर्सची ओळख एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाताना बदलली, तर जेसन पूर्ण वैध राहून पॅनेल मात्र रिकामे दिसते. बदलानंतर डॅशबोर्ड डोळ्यांनी उघडून पाहणे इथे टाळता येत नाही.

अर्थाची तपासणी प्रोमिथियसने 'टेस्ट रूल्स' या आज्ञेत आणली आहे, आणि या सगळ्या रचनेतला तो भाग मला सर्वांत परिपक्व वाटतो. आपण एक काल्पनिक आकड्यांची मालिका लिहायची. समजा, सर्व्हर चालू असेल तर १, बंद असेल तर ०, आणि दर मिनिटाला एक आकडा: १ १ १ ० ० ० ० ० ० ०. पहिला आकडा शून्याव्या मिनिटाचा, म्हणजे सर्व्हर तिसऱ्या मिनिटाला बंद पडला. नियम म्हणतो, ५ मिनिटे बंद राहिला तर अलर्ट. मग चाचणीत लिहायचे: सातव्या मिनिटाला अलर्ट नसावा, आठव्याला असावा. इतकेच. पण आता कोणी घाईत ५ मिनिटांऐवजी ५ सेकंद लिहिले, एम च्या जागी एस, तर मुद्रितशोधक ते निमूट पास करेल. सातव्या मिनिटाची अपेक्षा मात्र मोडेल आणि चूक सर्व्हरवर जायच्या आधीच टेबलावर येईल. अलर्ट कधी वाजू नये हेही लिहून ठेवावे लागते, ही या पद्धतीची मला पटलेली गोष्ट. एक पथ्य मात्र पाळायला हवे: चाचणीतली लेबले, म्हणजे 'नोड'सारखी नावे, मनाने लिहू नयेत, चालू सर्व्हरवरून जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. नियम लिहिणाऱ्या हातानेच चाचणीतही 'नोड्स' लिहिले तर दोन्ही चुका एकमेकींशी जुळतील आणि चाचणी पास होईल.

ही चाचणी लिहायला दहा-पंधरा ओळी पुरतात, तरी बहुतेक ठिकाणी ती लिहिलेली नसते. लोक 'चेक कॉन्फिग'वर थांबतात. माझ्यापुरता निकाल स्पष्ट आहे. अलर्टच्या नियमांची फाइल तिच्या चाचणीशिवाय समोर आली, तर ती कितीही नीटनेटकी असली तरी मी ती अपुरी समजतो आणि परत पाठवतो.