खटला पाठ, गाणं नाही

शाहीर अमर शेखांची जन्मशताब्दी २०१६ला झाली, अण्णा भाऊ साठेंची २०२०ला. तेव्हापासून लोकशाहिरीवर भरभरून लिहिलं जातंय आणि ते वाचताना माझा संताप वाढतोय. मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री असताना या दोघांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी आली, तो जणू केवळ पुरुषांचा इतिहास! बाई दिसते ती झीलकरी म्हणून, नाहीतर घर सांभाळणारी बायको म्हणून. आमचं परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात. मुंबई सरकारची बंदी आमच्यावर नव्हती. पुस्तकांतून मात्र हाच अर्धा इतिहास आमच्याही पदरात पडला. 'कोर्ट'सारखा जाणता सिनेमाही आरोपी म्हणून पुरुष शाहीरच उभा करतो.

मला मोलाचं वाटतं ते बायांनी स्वतः सांगितलेलं. शौकत कैफींच्या उर्दू आठवणीच घ्या. इप्टा आणि पृथ्वी थिएटरमधली ही नटी. कम्युनिस्टांची धरपकड चालू, नवरा कैफी भूमिगत, पोटात मूल. आणि ते ठेवू नये, हे सांगणारा त्यांचाच पक्ष. शौकतनी ऐकलं नाही. १९५०ला शबाना जन्मली. तिला पाठीशी बांधून त्या पृथ्वीच्या दौऱ्यांवर गेल्या. दडपशाही फक्त कोठडीत मोजणाऱ्यांना ही झळ दिसणारच नाही. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आपण नामदेव ढसाळांच्या बायकोची कैफियत म्हणून वाचलं. शाहिराच्या घरात वाढलेल्या कवयित्रीचं म्हणून वाचलं नाही.

आणि शीतल साठे. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये कबीर कला मंचाची ही गायिका ऐकून माणूस हलतो. नक्षलवाद्यांशी संबंधांचा आरोप, २ एप्रिल २०१३ला विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन होणं, गरोदरपणी कोठडी, जूनमध्ये उच्च न्यायालयाचा जामीन: हे सगळं पाठ आहे. ती गाते कशी, हे कुणी लिहिलं? ओवीचा संथ ओघ आणि पोवाड्याची फेक एकाच गळ्यात येते, मोकळ्या आवाजातही शब्द फाटत नाही. गंगाखेडच्या जनाबाईची ओळख संत नामदेवांपासून सुरू करणारी आपली समीक्षा इथे खटल्यापासून सुरू होते आणि खटल्यापाशीच थांबते. मंचाच्याच ज्योती जगताप यांना २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या कलेबद्दलही तेच मौन.

आधी न्याय, मग समीक्षा, असं मित्र सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. फिर्यादी पक्ष गाण्यातले शब्द सुटे काढून पुरावा म्हणून मांडतो. आपण तेच सुटे शब्द उचलून बचाव करतो. चाल, डफ, कोरस, समोर बसलेली वस्ती यांच्यासकट गाणं काय म्हणतं, ते कोण सांगणार? वकील सांगणार नाही, ते त्याचं काम नाही. समीक्षकाचं आहे, आणि ते खटला चालू असतानाच करायचं असतं.