राष्ट्रगीतातला विधाता कोण?

राष्ट्रगीताला बावन्न सेकंद उभं राहायचं, एवढं आपल्याला शाळेत शिकवलं. ते वाचायचं कसं, हे कोणी शिकवलं नाही. म्हणून दोस्तहो, एकदा कविता म्हणून वाचू या.

'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. मूळ कडवी पाच. राष्ट्रगीत झालं ते पहिलंच. त्यात प्रांत, डोंगर, नद्या आहेत. धर्माचं नाव नाही. दुसऱ्या कडव्यात मात्र सात धर्मांची हजेरी आहे, आणि त्यात बौद्धही आहेत. कोणी म्हणेल, मग तेच गाऊ, आपलं नाव आहे ना!

मी म्हणतो, थांबा. रवींद्रनाथांचा हेतू चांगला, सगळ्यांना एकत्र बोलवायचा. पण हजेरीबुकात नाव नसलं की माणूस पाळीवर उभा असूनही त्याचा रोज बुडतो, हे कोणत्याही मिल कामगाराला विचारा. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. ज्या शहराचा परकोट गोंड राजांनी बांधला, त्या शहरात. त्या यादीत आपण आहोत. गोंड नाही, माडिया नाही, त्यांचा पेन नाही. भामरागडच्या माणसानं ते कडवं गाताना कुठं उभं राहायचं? धर्मांची यादी केली की कोणीतरी वेशीबाहेर राहतोच. वेशीबाहेर राहणं काय असतं, ते आपल्याला सांगावं लागते काय?

'वंदे मातरम्'चंही तसंच. पुढच्या कडव्यात दुर्गा येते, म्हणून १९३७ ला काँग्रेस कार्यकारिणीनं पहिली दोनच कडवी गायची असं ठरवलं.

पण 'जन गण मन'च्या पहिल्या कडव्यातही एक शब्द मला खुपतो: भाग्यविधाता. हा कोण? इंग्रजांचा राजा नव्हे, असं रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये पत्रात लिहिलं. तो युगायुगांचा सारथी. म्हणजे ईश्वर. धर्माचं नाव नाही, पण देव मागच्या दारानं आलाच. आणि भाग्य? भाग्याच्या नावानंच तर आपल्या बापजाद्यांच्या डोक्यावर टोपली दिली.

आता संविधान बघा. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामतांनी सुचवलं, सरनामा ईश्वराच्या नावानं सुरू करा. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८. देव पडला. 'आम्ही भारताचे लोक' निवडून आले. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, २४ जानेवारी १९५० ला, राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. गीतात जन पहिल्या शब्दाला येतो, पण जयजयकार विधात्याचा होतो. सरनाम्यात लोकच विधाते आहेत.

राष्ट्रगीताला उभे राहा, मान द्या. पण यादीत आणखी एक धर्म घाला, असली मागणी करू नका. आपल्या धम्मासाठीही नाही. लोकच विधाते आहेत असं सांगणारं गाणं अजून लिहायचं बाकी आहे. ते मराठीत लिहा, माडियात लिहा, गोंडीत लिहा. पण लिहा.