जोडणी म्हणजे तार नव्हे

संगणकाच्या पुस्तकांत एक आकृती सर्रास आढळते: एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला आपला संगणक आणि मध्ये सरळ रेघ. ही रेघ विद्यार्थ्यांची दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

वर्धा जिल्ह्यातील सेलूच्या एका शाळेत आम्हाला याचा प्रत्यय आला. तेथे बाहेरगावच्या सर्व्हरवर गुण भरण्याचे काम चालू होते. मधल्या सुट्टीनंतर पाहावे तर जोडणी तुटलेली! "सर्व्हर डाऊन आहे," मुले म्हणाली. "वायर सैल असेल," सर म्हणाले. रेघ डोळ्यांसमोर असली की एवढेच सुचते. पण सलग काम करताना जोडणी कधीच तुटत नव्हती. पिंग करून पाहिले, तर सर्व्हरकडून उत्तरे व्यवस्थित येत होती. म्हणजे सर्व्हर चालू आणि वायरही शाबूत. जोडणी तुटत होती ती काम थांबल्यावरच.

टीसीपी जोडणी ही वस्तू नाही. दोन टोकांच्या संगणकांनी ठेवलेली ती नोंद असते. शाळेतले सगळे संगणक एकाच पत्त्यावरून बाहेर जातात. आलेले उत्तर कोणाचे, याची वेगळी नोंद मधला राउटर ठेवतो. बराच वेळ काही आले-गेले नाही, की तो ती पुसून टाकतो आणि दोन्ही टोकांना याचा पत्ताही नसतो.

मधूनमधून 'आहात ना?' असे विचारणारा 'कीप-अलाइव्ह' संदेश यावर उपयोगी पडतो. मात्र १९८९ च्या इंटरनेट मानकाने त्याचा मूळ अवधी किमान २ तास ठरवला. लिनक्समध्ये तो ७२०० सेकंद असतो. राउटरने चालू जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे २००८ चे मानक सांगते. प्रत्यक्षात अनेक राउटर ती काही मिनिटांतच पुसतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हा अवधी ३०० सेकंदांवर आणला आणि सेलूची तक्रार मिटली.

आकृती काढणाऱ्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. भारतात १९९५ साली इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते टेलिफोनवरून; तेव्हा फोन कटला की जोडणीही जाई. आज मात्र त्या रेघेच्या मध्यावर राउटरचा चौकोन आणि त्यात नोंदवही काढायला हवी. शिक्षकांनी फळ्यावर ती जरूर काढावी. मग 'सर्व्हर डाऊन' म्हणण्याआधी मुले विचारतील: जोडणी नेमकी केव्हा तुटते?