अण्णा

काही शब्द डोळे मिटून ऐकावेत. ‘अण्णा’ त्यांतला. जीभ टाळूकडे वळते, ‘ण्ण’वर क्षणभर टेकते आणि शेवटच्या ‘आ’बरोबर तोंड उघडतं. कानडीत थोरल्या भावाला ‘अण्ण’ म्हणतात, हाक मारताना त्याचा ‘अण्णा’ होतो. मराठीत आला तो हा लांब, हाकेतला आकार. मला वाटतं, हा शब्द आपण पोथीतून उचलला नाही, शेजारच्या अंगणातून ऐकून घेतला. सीमेवरच्या जतच्या बाजूला तर एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात. अक्का आणि अप्पाही याच वाटेने आले असावेत.

मराठीचं भाषाकुळ वेगळं, कानडी-तमिळ-तेलुगूचं वेगळं. तरी तमिळनाडूत अण्णादुराईंना लाखो लोक ‘अण्णा’च म्हणत, आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटीलही अण्णाच. कर्मवीरांचं घराणं मूळचं मूडबिद्रीचं, म्हणजे त्यांच्याकडे हा शब्द पाहुणा नव्हता. 1919 मध्ये काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. घर मागे टाकून आलेल्या पोरांनी कर्मवीरांना अण्णा म्हणायचं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ‘रयतमाउली’ ठरायच्या! माउलीच्या शेजारी उभा राहिला, की थोरला भाऊ आपसूक बाप होतो. मराठी घरांतून वडिलांना अण्णा म्हणतात, तेव्हाही नात्याचं हेच सरकणं ऐकू येतं. शब्द मुळात थोरल्या भावाचा, मराठीने त्याची मर्यादा सैल केली.

व्याकरणही बघा. ‘अण्णांनी सांगितलं’, ‘अण्णांच्या पायाशी’: शब्द द्राविडी, पण आदराचं अनेकवचन आणि विभक्ती अस्सल मराठी. वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा घ्या: नावाला मागून चिकटणारा ‘अण्णा’ हा थेट कानडी वचनकार बसवण्णांच्या नावाचा घाट.

सगळ्यांत मोठा आनंद मला वाटेगावच्या तुकाराम साठ्यांच्या नावात होतो. 1920 साली वाळवे तालुक्यात जन्मलेला हा लेखक जगाला अण्णा भाऊ म्हणून ठाऊक आहे. ‘भाऊ’ हा संस्कृत ‘भ्रातृ’च्या वंशातला, ‘अण्णा’ द्राविडी. दोन्हींचा अर्थ भाऊ. दोन कुळांतले दोन शब्द एकाच माणसाला हाक मारतात, आणि एकही फालतू वाटत नाही. नुसतं ‘साठे’ म्हणून बघा, कसं परकं वाटतं! सांगलीच्या बाजारात आजही अनोळखी माणसाला कुणीतरी विचारतं, ‘काय अण्णा, कुठं निघालासा?’