बेटकुळी नको, मॅडम

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका शरीरसौष्ठव स्पर्धेत पाहिलेला प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. गळ्यात पदक पडलेल्या मुलीने फोटोसाठी दंडाची बेटकुळी काढली, तर छायाचित्रकार म्हणाला, "बेटकुळी नको, मॅडम. हात कमरेवर ठेवा, जरा गोड हसा." तिने हात खाली घेतला. पाचच मिनिटांपूर्वी हाच गृहस्थ पुरुष विजेत्याला ओरडून सांगत होता, "अजून ताण, अजून!" वर्षभर पहाटे उठून जे कमावलं, नेमकं तेच तिने फोटोपुरतं लपवायचं?

स्त्री शरीरसौष्ठवपटूंची आजवरची व्यक्तिचित्रं पाहिली तर यातली बरीचशी याच सूचनेच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्पचं 1983 मधलं 'लेडी' हे पुस्तक या प्रकारातलं शिखर मानलं जातं. मला ते तसं वाटत नाही. त्यातली लिसा लायन 1979 साली लॉस एंजेलिसला महिलांची जागतिक शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकलेली. मेपलथॉर्पने तिला नवरीची जाळी घातली, हातमोजे घातले, टोप्या घातल्या. एकेक चौकट देखणी आहे, प्रकाश तर अप्रतिम. पण पानं उलटत गेलं की जाणवतं, स्नायू हाही तिच्या अनेक वेषांपैकी एक वेष होऊन बसलाय. दुसरा छायाचित्रकार बिल डॉबिन्स. त्याने स्नायूंवर वर्षानुवर्षं मनापासून प्रेम केलं, पण त्याच्या चित्रांत माणूस कमी आणि पुतळा जास्त. व्यायामाच्या मासिकांतल्या तेल लावलेल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या पोझांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

थांबावं लागतं ते मार्टिन शोलरपाशी. हा मूळचा जर्मन, न्यूयॉर्कला छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झच्या हाताखाली तयार झालेला. बर्न्ड आणि हिला बेखर हे छायाचित्रकार दांपत्य पाण्याच्या टाक्यांची छायाचित्रं एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात काढत. शोलरने ती शिस्त चेहऱ्यांना लावली. राष्ट्राध्यक्ष असो वा नट, सगळ्यांना तोच प्रकाश आणि तीच जवळीक. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या शरीरसौष्ठवपटू स्त्रियांच्या त्याच्या पुस्तकातही या शिस्तीत सवलत नाही. छातीपर्यंतची चौकट, मागे साधी पार्श्वभूमी, नजर थेट आपल्यावर. बुबुळांत दिव्यांच्या दोन उभ्या पट्ट्या चमकतात. स्पर्धेसाठी फासलेला तपकिरी रंग, खोट्या पापण्या, चमकीच्या बिकिनीची बारीक दोरी, आणि तिच्या शेजारून खांद्यावर चढत गेलेली शीर. या चौकटीत नटवेपणा आहे आणि ताकदही आहे. एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही. कारण स्पर्धेच्या दिवशी ती बाई खरोखर अशीच असते.

ही चित्रं मी ज्यांना ज्यांना दाखवली त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी निघाल्या. एक, "ही बाई आहे?" दुसरी, "बिचारी, किती दुःखी दिसते!" पहिलीचा राग येतो, पण दुसरी मला जास्त घातक वाटते. कारण कीव करणाऱ्याला आपण सहृदय आहोत असं वाटत असतं. ते दुःख नव्हे हो! ती तहान आहे. आठवडेच्या आठवडे मोजून खाल्लेलं असतं, शेवटच्या दिवशी पाणीही घोटाघोटाने. अंगावरची चरबी गेली की गालही बसतात. पुरुषाचे गाल असे बसले की आपण म्हणतो, काय तयारी आहे! बाईचे बसले की तिच्या आयुष्यात काहीतरी बिनसलंय असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

आणि हे फक्त बघ्यांपुरतं नाही. 'पंपिंग आयर्न टू' हा महिलांच्या शरीरसौष्ठव स्पर्धेवरचा 1985 चा माहितीपट ज्यांनी पाहिलाय त्यांना परीक्षकांची ती बैठक आठवत असेल. स्पर्धा सर्वोत्तम शरीराची, आणि चर्चा कशाची, तर बाईने किती बाईसारखं दिसावं याची. मंचावर सगळ्यांत जास्त स्नायू असलेली बेव्ह फ्रान्सिस आठवी आली. पुढे 2005 साठी शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने खेळाडू स्त्रियांना स्नायू वीस टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. धावणाऱ्याला कोणी वीस टक्के हळू धाव म्हणतं का? 2014 नंतर तर 'मिस ऑलिंपिया' ही महिलांची स्पर्धाच थांबली, ती थेट 2020 ला परतली. तेव्हा छायाचित्रकाराचं "जरा गोड हसा" हे वाक्य साधं समजू नका. परीक्षकांचाच निकाल तो कॅमेऱ्याआडून पुन्हा सुनावत असतो.

याउलट, 2025 मध्ये कर्नाटकातल्या एका व्यायामपटू नवरीची दृश्यं देशभर फिरली. कांजीवरम, अंगभर दागिने, आणि वर उचललेला पीळदार दंड. तिला काय काय म्हटलं गेलं ते इथे लिहिणार नाही. पण तिथे साडीने दंड झाकला नव्हता, दंडानेही साडीला हरवलं नव्हतं. मेपलथॉर्पच्या नवरीला जे साधलं नाही ते इथे साधलं होतं, कारण पोझ तिची स्वतःची होती.

आपल्याकडच्या छायाचित्रकारांशी माझं भांडण एवढ्याचसाठी आहे. पुरुष विजेत्यासाठी जो दिवा लावता तोच तिच्यासाठी लावा, आणि ती पोझ घेईपर्यंत गप्प राहा. स्पर्धेच्या त्या संध्याकाळी ती पदकवाली मुलगी मंचामागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून तिने दोन्ही हात वर ताणले. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ उलगडत गेली, घामाने रंगाचे ओघळ मणक्याच्या खाचेत उतरले होते. तिच्या भावाने मोबाइलवर तो फोटो काढला, जरा हललेला. त्या दिवशी निघालेल्या फोटोंपैकी तेवढाच मला तिचा वाटला.