‘राजी’ : देवकथा आणि कोडें

कूट घालणें व कूट उकलणें हा आमच्या वाङ्मयांतील फार जुना छंद आहे. गणपतीची लेखणी क्षणभर अडावी म्हणून व्यासांनीं महाभारतांत मधूनमधून कूटश्लोक घातले, ही आख्यायिका लहान मुलांसही ठाऊक असते. यक्षास उत्तर न देतां पाणी पिणारे चार पांडव तळ्याच्या कांठीं निश्चेष्ट पडले आणि धर्मराजाच्या उत्तरांनीं ते उठले. शाहिरांच्या भेदिक लावण्यांतून आणि कलगी-तुऱ्याच्या झगड्यांतून हाच छंद खेडोपाडीं पोंचला. या साऱ्यांत जें चांगलें, तें आम्ही एका खुणेवरून ओळखतों : उत्तर सांपडलें म्हणजे प्रश्न संपत नाहीं, तो पूर्वीपेक्षां मोठा दिसूं लागतो.

हीच खूण मनांत धरून आम्हीं ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा संगणकावरील खेळ दोनदां अथपासून इतिपर्यंत खेळून पाहिला. आमच्या वयाच्या प्राध्यापकानें असल्या खेळांत रात्री घालवाव्या काय, असें कोणी विचारील. बुद्धिबळांत आयुष्य घालविणारास हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, एवढेंच उत्तर आम्ही देतों.

खेळ पुण्याचा आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें तो रचिला. २०१७ सालीं लोकवर्गणीनें भांडवल जमविण्याचा यत्न फसला. तरी मंडळींनीं काम सोडलें नाहीं, आणि २०२० च्या ऑगस्टांत खेळ प्रसिद्ध झाला. कथा साधी आहे. कसरतींचे खेळ करून पोट भरणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. असुर मुलांना पळवितात, त्यांत गोलूही जातो, आणि त्याच्या शोधार्थ निघालेल्या या पोरीच्या हातीं दुर्गा आपला त्रिशूळ देते. पुढें विष्णूही प्रसन्न होतो. पलीकडे महाबलासुर आहेच.

आधीं गुण सांगतों, कारण ते मोठे आहेत. या खेळांत पाहण्याची दिशा खेळणाराच्या हातीं नसते. रचनाकारानें जेथून दाखविलें तेथूनच पाहावें लागतें. यामुळें प्रचंड तटांच्या आणि मूर्तींच्या पायथ्याशीं राजी मुंगीएवढी दिसते, आणि शब्दावांचून आपणांस कळतें कीं ही लढाई किती विषम आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कळंब येथें चिंतामणीचें देऊळ भूमीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जातांना माणूस आपोआप लहान होतो. तीच जाणीव येथें एका चित्रित तटबंदीनें दिली, हें आम्हांस नवल वाटलें. राजस्थानी किल्ल्यांचा थाट आणि पहाडी चित्रांचे रंग यांची सांगड रचनाकारांनीं मोठ्या रसिकतेनें घातली आहे. कथेचे सांधे छायाबाहुल्यांच्या खेळांतून सांगितले आहेत. पिंगुळीची चित्रकथी व चामड्याच्या बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ही युक्ति घरची वाटेल. भिंतींवरील चित्रांपाशीं राजी थांबली कीं दुर्गा आपली महिषासुराची कथा सांगते. मंदिराची भिंत ही वाचावयाची वस्तु आहे, ही जाण त्यांत आहे. आणि राजी लढते ती सैनिकासारखी नव्हे, कसरतीच्या पोरीसारखी : खांबाभोंवतीं गिरकी घेऊन, भिंतीवर पाय देऊन. तिचा धंदाच तिचें शस्त्र व्हावा, ही कल्पना उत्तम आहे.

परंतु ज्या स्थिर दृष्टीची आम्हीं स्तुति केली, तीच पुढें दावा साधते. उडी किती लांब मारावयाची याचा अंदाज बाजूनें पाहिल्याशिवाय येत नाहीं, आणि बाजूनें पाहण्याची तर मुभा नाहीं. एका कठड्यावरून आम्ही किती वेळां पडलों हें सांगण्याची लाज वाटते. चूक आपली असतां हरलों तर माणूस पुन्हां उभा राहतो. चूक कोणाची हें कळलें नाहीं म्हणजे तो चिडतो.

मुख्य तक्रार मात्र कोड्यांविषयीं आहे. मंडलाचीं वर्तुळें एकांत एक बसविलेलीं असतात. तीं फिरवून चित्र जुळवावयाचें. कोठें झाडाच्या फांद्या फिरवून आकृति जुळवावयाची. जुळलेल्या चित्रांत राजी व गोलू यांच्या जुन्या आठवणी दिसतात, हा हेतु हृद्य आहे. पण जुळविण्यास विचार लागत नाहीं, केवळ बोटें लागतात. पहिलें मंडल ज्या रीतीनें सुटलें त्याच रीतीनें शेवटचेंही सुटतें. आठवण जोडतांना कांहीं अडावें, एखादा तुकडा नकोसा वाटावा, असें एकदांही होत नाहीं.

येथें ‘मिस्ट’ची आठवण होते. अमेरिकेंतील रँड व रॉबिन मिलर या बंधूंनीं १९९३ सालीं काढलेला हा खेळ कोड्यांच्या खेळांचा आद्यग्रंथच म्हणावा. त्यांत शत्रु नाहीं, शस्त्र नाहीं. एक ओसाड बेट, पुस्तकें आणि बंद दारें. खेळाबरोबर एक कोरी वही मिळत असे, यावरून रचनाकारांची अपेक्षा कळते. त्यांत भूगर्भांतील एक चक्रव्यूह आहे; प्रत्येक वळणावर एक ध्वनि होतो, आणि तो ध्वनि म्हणजे दिशा. पण कोणता ध्वनि कोणत्या दिशेचा, हें भलत्याच जगांतील एक फिरता किल्ला हाताळतांना शिकावयाचें असतें. जो तेथें आधीं गेला नाहीं, किंवा गेला पण कान देऊन ऐकलें नाहीं, तो अंधारांत तासन्‌तास भटकतो. आम्ही भटकलों. अन्यत्र स्वर जुळवावयाचे आहेत. ज्याचा कान बेसूर त्याला तेथें वाटच नाहीं. हा अन्याय आहेच. तरीही तो व्यूह सुटला तेव्हां मागें सोडलेला किल्ला आम्हांस नव्यानें दिसला. ‘मिस्ट’नें आम्हांस छळलें, पण बुद्धिमान समजून छळलें. ‘राजी’ आम्हांस सांभाळून नेते.

हें सांभाळणें देवांच्या बोलण्यांतही आहे. दुर्गा व विष्णु वरून पाहत असतात व राजीच्या प्रत्येक पावलावर बोलतात. प्रथम गोडी वाटते. पुढें डोळ्यांस दिसलेलेंच कानांवर पुन्हां येतें. तेंही मूळांत इंग्रजी. हिंदी वाणी २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत आली, आणि तिनें खेळाचा रंग बराच सुधारला. येथें प्रश्न केवळ भाषेचा नाहीं. आमच्या पुराणांनीं श्रोत्याला प्रश्न विचारण्याची सवय लाविली. नचिकेता यमाच्या दारीं जाऊन विचारतो, यक्ष पाणी अडवून विचारतो. त्या परंपरेवर उभा राहिलेला खेळ मात्र आम्हांस कांहींच विचारीत नाहीं. शिल्प दाखवितो, कथा सांगतो, हात धरून पुढच्या दारांतून नेतो. परक्या प्रवाशास देऊळ दाखवावें तसें आमचें देऊळ आम्हांसच दाखविलें जातें.

शेवटाविषयीं थोडकेंच. चार-पांच तासांत खेळ संपतो, हा दोष नव्हे. पण कथा जेथें पिकावयाची तेथेंच ती तुटते, आणि महाबलासुराशीं झालेल्या युद्धानंतर वाचलेलें पुस्तक शेवटच्या प्रकरणावांचून मिटल्यासारखें वाटतें. घरांतील मुलांनीं ‘पुढें?’ म्हणून आमच्याकडे पाहिलें. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

‘राजी : कलियुग’ या नांवानें पुढील भाग येणार असल्याचें २०२५ सालीं जाहीर झालें आहे. चित्रकारांच्या हाताबद्दल आम्हांस शंका नाहीं. त्या खेळांत एक तरी दार असें असावें कीं ज्यापुढें दिवा मालवून, अंथरुणावर पडून, सकाळपर्यंत आम्हांस विचार करीत राहावें लागेल.