दलित कवितेचे अध्यापन आणि अत्याचारांचा इतिहास

दलित कविता महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावली असली, तरी तिच्या अध्यापनपद्धतीची पुरेशी चिकित्सा झालेली नाही. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना जातीय अत्याचारांचा इतिहास कवितेच्या आधारे शिकविता येतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो शिकविता येतो; मात्र केवळ कवितेच्या आधारे नव्हे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वर्गात बहुधा 'विद्रोह' हा एकच शब्द सर्व दलित कवितेला लावला जातो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, वरळीची दंगल १९७४ ची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. खैरलांजीत एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली ती २९ सप्टेंबर २००६ रोजी. या घटनांची कारणे व स्वरूप भिन्न आहे. 'विद्रोह' हा शब्द कवीची मनोवस्था सांगतो. कोणी, कोणावर व कशासाठी हात उचलला, हे सांगत नाही. परिणामी विद्यार्थी कवीचा संताप परीक्षेत लिहितो, पण त्या संतापाचे कारण त्याला अपरिचितच राहते.

दलित साहित्याचा विचार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्यासोबत करण्याची दृष्टी डॉ. म. ना. वानखेडे यांनी दिली. तेथील एक उदाहरण बोधप्रद आहे. एबेल मीरोपोल या न्यूयॉर्कमधील शाळाशिक्षकाने, जमावाने झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांचे छायाचित्र पाहून कविता लिहिली. ती १९३७ मध्ये शिक्षकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली व १९३९ मध्ये बिली हॉलिडे यांनी गायिली. कविता दक्षिणेविषयी बोलते. ते छायाचित्र मात्र १९३० मधील, उत्तरेकडील इंडियाना राज्यातील असल्याचे मानले जाते. कविता त्यामुळे असत्य ठरत नाही. पण केवळ तिच्यावर विसंबणारा विद्यार्थी उत्तरेला निर्दोष समजेल.

केवळ दस्तऐवजही अपुरा असतो. खैरलांजी खटल्यात २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावल्या, तर २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा कमी केल्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र दोषसिद्धी झाली नाही. निकालपत्रात ज्या जातीला स्थान मिळाले नाही, तिचा अनुभव दलित कवितेच्या केंद्रस्थानी आहे. म्हणून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून, प्रत्येकातून काय सुटले, हे विद्यार्थ्यांना शोधावयास लावणे आवश्यक आहे.

मीरा-भाईंदरसारख्या स्थलांतरितांच्या शहरात एकाच वर्गात अनेक प्रांतांची व जातींची मुले बसतात. कित्येकांना 'गावकुसाबाहेर' हा शब्द पाठ्यपुस्तकातूनच कळतो. काहींच्या घरी तो आजी-आजोबांच्या बोलण्यात असतो. अशा वर्गात शिक्षकाने कविता वाचून एखाद्याच विद्यार्थ्याकडे पाहिले, तर तो वाचक न उरता पुरावा ठरतो. घटनेचा तपशील शिक्षकाने स्वतः वर्गात आणला, तर साक्ष देण्याचे ओझे त्या विद्यार्थ्यावर पडत नाही आणि इतरांप्रमाणे त्यालाही कवितेशी मतभेद व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य मिळते.